पट्टीवरचा हात

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय. आणि काका थापा मारणाऱ्यातले नव्हेत. त्यांना साधा विनोदही धड सांगता येत नाही.

थंडीतली दुपार होती. चर्च रिकामं होतं.

काका चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचे सूर लावतात. काम दोघांचं. एकाने बाहेर बसून पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने ऑर्गनच्या मागे नळ्यांच्या कोठीत शिरून त्या पट्टीची नळी सुरात आणायची. सूर जमला की आतून ओरडायचं, "पुढचा!" मग बाहेरचा माणूस पुढची पट्टी दाबतो.

जन्मभर बाहेर काकू बसली. पुढची पट्टी दाबली तरी आधीची सोडायला ती हमखास उशीर करायची. दोन सूर एकमेकांत घुसायचे.

"अगं, सोड की ती," काका आतून खेकसायचे. काकू नुसती हसायची.

ती गेली आणि काका पार एकटे पडले. घरात बोलायला भिंती. कामावर पट्टी दबून राहावी म्हणून तिच्यावर शिशाचा तुकडा ठेवायचा, आत जायचं, परत बाहेर यायचं, तुकडा सरकवायचा. तिच्या जागी दुसरं माणूस त्यांनी बसवलंच नाही.

प्रार्थना मात्र सोडली नव्हती. रोज एकच मागणं. "प्रभू, मलाही तिच्याकडे ने. इथे माझं कोणी नाही."

त्या दुपारीही कोठीत शिरण्याआधी ते हेच म्हणाले होते.

चर्चचं दार आतून बंद. किल्ली खिशात.

पहिला सूर जमला. सवयीने तोंडातून निघून गेलं, "पुढचा."

क्षणभर काही नाही...

आणि पुढचा सूर वाजला.

काकांचा हात नळीवर तसाच राहिला.

"कोण आहे?"

सूर वाजतच होता...

घाबरायला हवं होतं. पण काका सांगतात, आधी त्यांना बरंच वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हाकेला कोणीतरी ओ दिली होती.

"पुढचा."

वाजला.

"पुढचा."

वाजला. काकांना रडू येत होतं, तरी हात चालू होते.

मग एका सुरावर गाडी अडली.

"पुढचा."

तोच सूर...

"अहो, पुढचा!"

तोच...

"अगं, झोपलीस का?"

बोलून गेले आणि स्वतःच चपापले. सूर काही बदलेना. शेवटी थोड्या वैतागाने, थोड्या आशेने ते कोठीच्या छोट्या दारातून वाकून बाहेर आले.

मागे कडाड आवाज झाला.

माणसाहून उंच नळी लाकडी चौकटीसकट कोसळली होती. काका आत्तापर्यंत जिथे गुडघे टेकून बसले होते, नेमकी तिथेच.

सूर थांबला.

ऑर्गनपुढच्या बाकावर कोणी नव्हतं. दार बंदच होतं. शिशाचा तुकडा पट्टीवरून उचलून बाजूला ठेवलेला होता.

चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "देवाने सांभाळलं तुम्हाला. वहिनींनाच पाठवलं असेल त्याने."

"ती नव्हती," काका म्हणाले. "ती असती तर सूर एकमेकांत घुसले असते. एकही सूर दुसऱ्याला शिवला नाही, साहेब."

"मग कोण होतं?"



काका अजून त्याच ऑर्गनवर काम करतात. आता तितकं एकटं वाटत नाही, म्हणतात. कोणीतरी पाठीशी आहे, एवढं कळलं. त्याचा मोठा आधार आहे. ते मागणंही त्यांनी बंद केलंय. पण कोठीत "पुढचा" म्हणायची वेळ आली की अजून दचकतात.

मी एकदा विचारलं, "काका, मग अजून दचकता कशाला?"



"मी त्याच्याकडे मरण मागितलं होतं रे," ते हळूच म्हणाले. "त्याने बाकावर बसून ऐकलं... आणि नाही म्हणाला."