मुंग्यांचा उलटा नियम

माझ्या मुंग्या काचेच्या पेटीतून निसटल्या आणि त्यांनी बाकावरच्या एका डब्यावर डल्ला मारला. डबा होता आमच्या आरोग्य खात्यात नुकत्याच रुजू झालेल्या, लहान मुलांच्या डॉक्टरचा.

"तुमच्या का या?" त्याने विचारलं.

"हो... सॉरी."

"मग आता जेवायला तुम्हीच घालायचं."

घातलं. मग रोजच आम्ही एकत्र जेवू लागलो. बाहेर सदा मळभ, ऑफिसात दिवसाही दिवे... पण जेवणाची सुट्टी कधी होते याकडे माझे डोळे लागलेले असायचे.

कोणत्या वस्तीला कोणता डॉक्टर द्यायचा, हे मुंग्यांच्या चालीवरून ठरवणारा प्रोग्राम मी लिहीत होते; पेटीतल्या मुंग्या त्याच्याच अभ्यासासाठी. मुंग्या ज्या वाटेने जास्त जातात तिथे त्यांचा वास साठतो, मग बाकीच्याही तिकडेच वळतात. डॉक्टरांचंही तेच. बंगल्यांच्या भागात गल्लोगल्ली दवाखाने, आणि खाणीपलीकडच्या मजूरवस्तीत कुणी फिरकत नाही. म्हणून प्रोग्राममध्ये मी नियमच उलटा केला. जिथे कुणी जात नाही, तिथला वास वाढवायचा.

"म्हणजे बिचाऱ्यांना वाकड्या वाटेला लावलंत," तो म्हणाला.

"तुम्हालाही लावीन—" मी बोलून गेले, आणि माझे कान तापले.

नेमणुका ठरल्या त्या दुपारी पडद्यावर त्याचं नाव आलं, खाणीपलीकडे. तीन वर्षं. प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला, तेच. तेवढ्यात तो मागे येऊन उभा राहिला.

"या वस्तीच्या वासाचा हा आकडा जरा कमी केला, तर तुम्ही इथेच राहाल," मी म्हणाले. "कुणाला कळणारही नाही."

तो खुर्ची ओढून बसला. "कमी करावा असं वाटतंय?"

"हो. कारण... तुम्ही मला आवडता. बास, सांगून टाकलं."

"मलाही तू आवडतेस," तो हळूच म्हणाला. "पण पोराला ताप चढला की तिथल्या आया त्याला कडेवर घेऊन रस्त्यावर ट्रकची वाट बघत बसतात, हे तूच सांगितलंस ना मला?"

पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला, आणि तेही नेमकं आज. इतका राग आला मला त्याचा. आणि तो बरोबर बोलत होता, याचा त्याहून जास्त.

"सुट्टीला येशील?" मी विचारलं.

"येईन."

त्याने माझा उजवा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही. नेमणुका कायम करायचं बटण डाव्या हाताने दाबलं.