पाठीवरची टेप

एप्रिलमधला बेसबॉलचा पहिलाच सामना, आणि एरी सरोवरावरून येणारी ती बोचरी भुरभुर... डाव्या कुंपणामागच्या स्वस्त बाकांवर मी नेहमीसारखी एकटीच बसले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं.

"माफ करा, पण तुमच्या पाठीवर नक्की आहे तरी कोण?"

मी वळले. भिजलेले केस, हातात मोहरीची चटणी ओघळणारा हॉटडॉग आणि डोळ्यांत नुसता खट्याळपणा.

माझ्या टीमच्या शर्टावर छापलेलं नाव टेपने झाकलेलं होतं. टेपवर मार्करने दुसरं नाव, त्याच्यावर पुन्हा टेप. आमच्या क्लीव्हलंडमध्ये हे असंच चालतं. पोरगा आमच्याकडे घडतो, चमकायला लागतो, की श्रीमंत टीम त्याला उचलून नेते. दर वेळी नवा शर्ट कोण घेणार?

"रिओस," मी म्हटलं.

"अहो, तो तर हिवाळ्यातच न्यूयॉर्कला गेला!"

"माहितीये हो. पण त्याच्यावर टेप लावायला हात होत नाहीये अजून."

तो हसायचा थांबला. मग न विचारताच शेजारी बसला आणि अर्धा हॉटडॉग पुढे केला. नाव एमेट. बाजाराजवळच्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये कुक होता.

बाबा गेल्यापासून शेजारच्या जागेवर कुणी टिकलं नव्हतं. एमेट टिकला. सुट्टीच्या दिवशी सामना असला की यायचा, घरून पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या पोलिश करंज्या, करून आणायचा आणि भांडायचा.

"न्यूयॉर्कवाल्यांच्या एका पिचरच्या पगारात आपली अख्खी टीम येते," मी चिडायचे. "हा काय न्याय झाला? पगाराला मर्यादा घाला म्हणावं!"

"म्हणजे खेळाडूने कमी घ्यायचं? आणि मालकाने खिसे भरायचे?"

"तू कुणाच्या बाजूने आहेस रे?"

"मी? मी तर तुझ्या..." आणि उरलेलं वाक्य पिएरोगीबरोबर गिळून टाकायचा. लबाड!

"तुमचं लग्न होण्याआधी तरी आपण जिंकू," मागच्या रांगेतले नोव्हाक आजोबा म्हणायचे. आमच्या टीमचं शेवटचं विजेतेपद त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. त्यानंतर दर वर्षी, "हे वर्ष आपलंच!"

त्या वर्षी मलाही तसंच वाटत होतं. टीमबद्दल, आणि... सगळ्याबद्दलच.

सप्टेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्कची टीम आली. जिंकलो तर आशा, हरलो तर मोसम संपला. आणि शेवटी शेवटी रिओसनेच आमच्या डोक्यावरून चेंडू बाहेर टोलावला आणि आमचा मोसम संपवला. सगळं मैदान त्याला शिव्या घालत होतं. मी मात्र नकळत टाळ्या वाजवल्या.

"मिला," एमेट हळूच म्हणाला. "मला न्यूयॉर्कहून बोलावणं आलंय. मोठं हॉटेल. किचन माझ्या हाताखाली. पगार तर... दुपटीहून जास्त."

माझ्या टाळ्या थांबल्या.

"काहीतरी बोल ना."

"काय बोलू? थांब म्हणायला माझ्याकडे तरी काय आहे? हे बाक आणि ही हरणारी टीम."

"एकदा 'थांब' म्हणून तर बघ."

मी त्याच्या बाहीला धरलं. "थांब ना, एमेट. मला तू खूप आवडतोस."

त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. लोक उठून जाऊ लागले तरी सोडला नाही. "मलाही तू आवडतेस... पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. पण थांबतो, असं काही म्हणाला नाही.

ऑक्टोबरमध्ये तो गेला. मला त्याचा राग आला नाही. राग आला असता तर हिवाळा जरा सोपा गेला असता.

पुन्हा एप्रिल. तीच भुरभुर, तेच बाक. नोव्हाक आजोबांनी चष्मा पुसून माझी पाठ वाचली.

"एमेट? म्हणजे... आपला तो पिएरोगीवाला?"

"हो."

"पोरी, तो तर न्यूयॉर्कला गेला ना?"

"गेला."

त्यांनी खिशातून टेपचं रीळ काढून पुढे केलं. दर एप्रिलला ते आणतातच. कुणाला ना कुणाला लागतंच.

मी मान हलवली. "आत्ता नको, आजोबा."

त्यांनी रीळ परत खिशात ठेवलं. मग माझ्या शेजारची जागा रुमालाने कोरडी करत म्हणाले, "बरं. हे वर्ष आपलंच."