गल्लीतला ट्रान्समीटर

"आज बातम्यांच्या वेळी हवालदार येणार, आणि अच्युतभियाला घेऊन जाणार," शेजारचा उदयसिंह धापा टाकत सांगत आला. यशोधराच्या तोंडाशी आलेली कैरीची फोड तिथंच थांबली.

अच्युत तिचा थोरला भाऊ. कॉलेजच्या सुट्टीत माडीवर बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचा. उन्हाळा कडक झाला तसं इंदूरच्या त्या गल्लीत एक विचित्र प्रकार सुरू झाला होता. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की घरोघरचे रेडिओ 'कुईंऽऽ' करून किंचाळत. समोरच्या दत्तोपंतकाकांनी निदान करून टाकलं: अच्युतनं माडीवर चोरटा ट्रान्समीटर बसवलाय. नुसतं म्हणून थांबले नाहीत, चौकीवर सांगूनही आले.

यशोधरा माडीवर धावली. दादा स्क्रू पिळायचा पेचकस हातात घेऊन नुसताच बसला होता. ट्रान्समीटर म्हणजे काय, तिनं विचारलं. घरातला रेडिओ म्हणजे रिसीव्हर, तो हवेतल्या लहरी पकडतो. ट्रान्समीटर लहरी सोडतो, त्याला सरकारी परवाना लागतो, नाहीतर तुरुंग, असं त्यानं सांगितलं.

"तुझ्याकडे आहे?"

"तूसुद्धा विचारतेस, यशू?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिनं चाचरत पुढचं विचारलंच. "पकडणारा कधी सोडायला लागतो का रे?"

अच्युतनं मान वर केली. "जुना सेट असला तर लागतो. त्याला आवाज वाढवायला रिअ‍ॅक्शनचं बटण असतं. फार रेटलं की सेट स्वतःच लहरी सोडतो आणि आसपासचे रेडिओ बोंबलतात. पण तसला सेट आता कोण वापरतंय?"

यशोधराला एकदम आठवलं. दत्तोपंतकाकांचा सेट! सियागंज बाजारातल्या भंगारातून आणलेला, भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला. उकाड्यामुळे हल्ली बातम्या ऐकायला अर्धी गल्ली त्यांच्या ओट्यापुढे खाटा टाकून बसे. खाटा पार रस्त्यापलीकडे गेल्या होत्या. शेवटच्या खाटेवरून कुणी "काका, जरा जोरसे" म्हटलं की काका बटण पिळत. पाहुण्याला ऐकू गेलं नाही म्हणजे यजमानाची शोभा गेली, असं त्यांचं म्हणणं. पण हे त्यांना सांगणार कोण? अच्युतला तर ते सेटजवळ फिरकू देत नसत.

संध्याकाळी हवालदाराचे बूट वाजले तेव्हा यशोधरा काकांच्या ओट्याशी येऊन थांबली होती. अच्युत भिंतीशी उभा होता, पांढराफटक. उदयसिंह आपल्या घरात रेडिओला कान लावून बसला होता आणि त्याची बहीण मंगला गॅलरीत लाल पंचा घेऊन उभी होती. रेडिओ किंचाळला की पंचा वर, गप्प झाला की खाली, असं यशोधरानं त्यांच्याशी ठरवलं होतं.

बातम्या लागल्या. शेवटच्या खाटेवरून हाक आली. काकांनी बटण पिळलं. कुईंऽऽ!

"ऐकलंत, हवालदारसाहेब? सुरू झाला याचा उद्योग," काका गरजले.

यशोधरा पुढे झाली. आईनं केलेल्या पन्ह्याचे पेले मांडलेलं तबक तिनं सरळ काकांपुढे धरलं. "काका, साहेब तुमचे पाहुणे. तुमच्याच हातानं द्या."

यजमान नाही कसं म्हणणार? काकांचे दोन्ही हात तबकात अडकले. यशोधरानं बटण मागे घेतलं. किंकाळी थांबली.

"ए पोरी, हात काढ तिथून!"

"साहेब, ती गॅलरी बघा," ती कसंबसं म्हणाली. लाल पंचा खाली गेला होता. तिनं बटण पुढे रेटलं. कुईंऽऽ! पंचा वर. मागे घेतलं, पंचा खाली.

हवालदारानं तबकातून उचललेला पेला परत ठेवला आणि स्वतः बटण फिरवून पाहिलं. पंचा त्याच्याही बोटावर नाचला. मग त्यानं अच्युतला जवळ बोलावलं. एरवी शब्दाला महाग असलेला अच्युत रिअ‍ॅक्शनबद्दल भडाभडा बोलत सुटला.

"म्हणजे ट्रान्समीटर तुमच्याच ओट्यावर, पंत," हवालदार मिशीत हसला. "आता न्यायचं कुणाला?"

सगळे काकांकडे बघत होते. शेवटी त्यांनी तबक खाली ठेवलं आणि आधी अच्युतपुढे पेला धरला.

"चुकलो, बाळ," ते हळूच म्हणाले. "तुझ्या बहिणीनं मला पापातून वाचवलं. मोठी हिमतीची पोर आहे."

मग खाटांकडे वळून त्यांनी सगळ्यांना दटावलं, "बातम्या आजपासून बारीक आवाजात. ऐकायच्या असतील तर खाटा पुढे ओढा."

फरफरत खाटा पुढे आल्या. त्या घोळक्यात अच्युतनं यशोधराचा हात शोधून घट्ट धरला.