घरी या कधीतरी

आई कुंडीतल्या झाडांवर ब्लॉग लिहायची आणि त्याखालच्या प्रतिक्रिया सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. सांभाळायचं म्हणजे कचरा काढायचा. तिने कोरफडीवर चार ओळी लिहिल्या की खाली जाहिरातींची रांग लागायची. 'छान माहिती! चष्मा फुकट, इथे दाबा.' आई त्यालाही मनापासून उत्तर द्यायची, "धन्यवाद! घरी या कधीतरी."

"अगं, तो माणूस नाहीये. यंत्र आहे."

"असू दे. दारात आलेल्याच्या तोंडावर दार लावू नये."

शेवटी कंटाळून मी सेटिंगमध्ये 'चष्मा' हा शब्दच बंद करून टाकला. तो ज्या प्रतिक्रियेत असेल ती परस्पर कचऱ्यात. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. "एवढं सोपं होय!" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्क्रीनला नाक लावून वाचत बसलेली. चष्मा शेजारीच पडला होता. मी तो हातात दिला, तर तिने काचेवर नखाने टिचकी मारली, काड्या उघडल्या, मिटल्या.

"कुणाचं रे हे? काय करतात याचं?"

मी हसलो. ती हसली नाही.

डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, अशी मी मनाची समजूत घातली, पण घरी येऊन तो शब्द पुन्हा चालू केला. लगेच आतून हाक आली, "ठोंब्या, माझा चष्मा कुठे ठेवलास?" त्यानंतर मी एकही शब्द बंद केला नाही. कचरा हाताने काढत राहिलो.

मग ती नवी प्रतिक्रिया येऊ लागली. त्यात कसलीही जाहिरात नव्हती. 'आई, मी ठोंब्या. दार उघड.' प्रत्येक झाडाखाली तीच. हे नाव घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आईने मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारलीच नव्हती. दाखल्यावरचं नाव तिला परक्याच्या पोराचं वाटायचं. मी पुसायचो, जेवून येईपर्यंत ती पुन्हा हजर. मला भीती वाटत होती, पण आईला सांगायचं धाडस होईना.

एका दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"कोण मेला तुझ्या नावाने लिहितोय? तुझी थट्टा केलेली मला खपणार नाही. तू चष्म्याचं केलंस ना, तेच करतेय. पासवर्डही बदललाय, तू नेहमी सांगतोस तसा."

"आई, थांब! काही दाबू नकोस!"

"अरे, येतं मला आता सगळं. हे बघ."

बटण वाजलं.

"आई?"

"कोण बोलतंय?"

मी धावतच घर गाठलं. दाराला आतून कडी होती. बेल वाजवल्यावर दाराच्या भिंगामागे सावली हलली.

"कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी. ठोंब्या."

सावली बाजूला झाली.

जिन्यात बसून मी मोबाइलवर तिचा ब्लॉग उघडला. तिच्यापर्यंत पोचायला दुसरी वाट सुचेना. कोरफडीखाली लिहिलं, 'आई, मी ठोंब्या. दार उघड.'

दिसलं नाही.

जास्वंदीखाली लिहिलं. मोगऱ्याखाली लिहिलं. एकेक झाड धरून लिहीत गेलो.

मग नाव गाळलं. 'आई, दार उघड.'

हे दिसलं. दाराआड बटणं वाजली, सावकाश, तिच्या एका बोटाने.

"धन्यवाद! घरी या कधीतरी."