खिडकीजवळची सीट

रविवारी सकाळी मोल्दोव्हाच्या बसगाड्या इटलीतल्या पादोव्हाच्या बाजारामागच्या मैदानात उभ्या राहतात. इथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला आलेल्या मोल्दोव्हाच्या बायका तिथे जमतात. गावाकडे खोकी धाडतात, गावाकडून आलेल्या लोणच्याच्या बरण्या उतरवून घेतात आणि सणाला जायचे बेत करतात. झिनाईदाही करायची. दर ईस्टरला इलारियोन ड्रायव्हरच्या मागची खिडकीची सीट सांगून ठेवायची, हंगेरीच्या हद्दीवर किती खोळंबा होतो ते विचारायची, आईला फोन करून "येते" म्हणायची. आणि आदल्या दिवशी काहीतरी निमित्त काढून नुसतं खोकं पाठवायची.

खरं कारण लाजिरवाणं होतं. आईचा उजवा हात लुळा पडल्यापासून तिचं सगळं शेजारीण बघत होती, आणि इकडे झिना परक्या ओर्नेलाबाईंना न्हाऊमाखू घालत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता आईच्या दारात कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

या वर्षी मात्र तिने पक्कं केलं. सीट सांगायला गेली तर इलारियोन हसत म्हणाला, "देतो बाई, पण खिडकी बंद ठेव. गेल्या ईस्टरला अख्खी बस गारठवलीस."

"मी?"

"नाही, माझी सासू! आणि हा घे तुझा स्कार्फ. तिकडे विसरून आलीस म्हणून आईने पाठवलाय."

हिरवा लोकरी स्कार्फ. झिनाच्या गळ्यातही तसाच होता. इस्त्रीचा डागसुद्धा त्याच कोपऱ्यावर.

रांगेतल्या बायका ऐकत होत्या. 'मी गेलेच नव्हते,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, कधीपासून गेली नाहीस गं? झिनाने मुकाट्याने स्कार्फ घेतला.

घरी येऊन तिने आईला फोन लावला.

"ये बाई लवकर," आई म्हणाली. "केसांचा नुसता गुंता झालाय. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. टोकापासून विंचरत येतेस, जरासुद्धा ओढ बसत नाही. कुठे शिकलीस गं?"

झिना ते ओर्नेलाबाईंच्या केसांवर शिकली होती, इथेच. आईच्या केसांना तिने कधी कंगवा लावला नव्हता.

"आई, मी..."

"तू आलीस ना, की घर भरल्यासारखं वाटतं."

आईचा इतका आनंदी आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "हो आई," ती म्हणाली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता जाणं भाग होतं. जी कोण तिच्या नावाने जात होती, तिच्याआधी आईपाशी पोचायला हवं होतं. तिने ओर्नेलाबाईंच्या मुलाकडून रजा मागून घेतली, बदली बाई शोधली, बॅग भरली. आईसाठी मऊ दातांचा कंगवा घेतला आणि तो वाटेत हरवू नये म्हणून कोटाच्या खिशात ठेवला.

निघायच्या दिवशी ती पोचली तेव्हा इलारियोन डिकीत सामान लावत होता.

"आणा ती बॅग. कुणाकडे द्यायची?"

"मीच येतेय ना, इलारियोनदादा. झिना."

त्याने तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "झिना केव्हाच बसली. बस भरली, बाई."

तिने वर पाहिलं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर हिरवा स्कार्फ घातलेली बाई पाठमोरी बसली होती. खिडकी जराशी उघडी होती.

"उरका की!" मागून कुणीतरी ओरडलं.

ती जागा माझी आहे, असं म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं गेलेली मी नव्हते, हेही. सगळ्यांसमोर.

झिनाला बोलवेना.

आणि खरी लाज तर पुढेच होती. तिला हायसं वाटलं.

खिडकीच्या फटीतून एक हात बाहेर आला. बोटं ओळखीची होती, साबणाच्या पाण्याने फुटलेली.

झिनाने खिशातला कंगवा काढून त्या हातावर ठेवला.

बस मोल्दोव्हात पोचायच्या दिवशी तिने आईच्या घरी फोन केला. पलीकडून तिचाच आवाज आला, दमलेला, प्रवासाने बसलेला.

"कोण बोलतंय?"

झिनाने ओठ उघडले. "राँग नंबर," ती म्हणाली.

फोन ठेवायच्या आधी लांबून आई विचारताना ऐकू आली, "कोण होतं गं, झिना?"

"कुणी नाही, आई. मान सरळ ठेव."