तीन लाल टिकल्या

रायफल.

जर्मन, शिकारीची, दोनशे वर्षांची. सकाळी खंडेरावांनी चष्म्याशिवायच ती कपाटातून उचलली आणि हाताला कळलं, हलकी आहे. नक्कल.

कपाटाची दुसरी किल्ली घर सांभाळणाऱ्या रोहिणीकडे, म्हणून आळ रोहिणीवर. संध्याकाळपर्यंत खरी मिळाली नाही तर पोलिसांत तिचंच नाव जाणार होतं. तिनेच खासगी तपास करणाऱ्या वेदिकाला खंडेरावांच्या गंगापूर रोडच्या बंगल्यावर आणलं. सोबत मदतनीस नवनाथ.

नकलेच्या घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर तीन लाल टिकल्या होत्या. नवनाथने ओलं बोट फिरवलं.

"कुंकू लय पक्कं बसलंय, मॅडम."

वेदिकाने त्याचं बोट पाहिलं. स्वच्छ.

रोहिणी.

दर महिन्याला रायफल तेलाने पुसते. खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू त्याच संध्याकाळी काढते. "लोखंड खातं ते."

संतोष.

बंदुका दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात सैल घोडा बसवायला आला होता. रायफल मूळची चकमकीच्या ठिणगीवर उडणारी, पुढे कुणीतरी दारूच्या टोपीवर उडणारी करून घेतलेली. त्यामुळे पट्टीवर जुन्या स्क्रूंची तीन भोकं बुजवलेली दिसतात, म्हणाला. पूजेत कुंकू नेमकं त्यांच्यावरच लावतात, रोहिणीने भर घातली.

दीपक.

खंडेरावांचा पुतण्या, पुण्याचा. एरवी फक्त खंडेनवमीला येतो, यंदा परवाच मुक्कामाला आलेला. हात लावत नाही, लांबून फोटो तेवढे काढतो.

"खरी कशी ओळखाल?" वेदिकाने विचारलं.

"पट्टीवर तीन लाल टिकल्या. लहानपणापासून बघतोय."

उलगडा.

"या टिकल्या रंगाच्या आहेत," वेदिका सगळ्यांसमोर म्हणाली. "रोहिणीने किंवा संतोषने नक्कल करवली असती, तर इथे बुजवलेली भोकं असती. ती दोघांनी कुंकवाशिवाय पाहिलीत. ज्याने रायफल फक्त पूजेतच पाहिली, त्याला टिकल्या तिच्या अंगच्याच वाटणार. दीपकराव, कारागिराला तुम्ही पूजेतला फोटो दिलात. इथे मुक्कामाला असताना काकांची किल्ली उचलून अदलाबदल केलीत. गाडीची किल्ली द्या."

"म्हणजे मी रंग पुसत होतो," नवनाथ पुटपुटला.

दीपकने काकांकडे पाहिलं. काकांनी हात पुढे केला. किल्ली त्या हातावर पडली.

रायफल, पुन्हा.

डिकीत, चादरीत गुंडाळलेली. रोहिणीने पट्टीवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. बुजवलेली भोकं बोटाला लागली आणि ती सकाळपासून पहिल्यांदा हसली.

खंडेरावांनी कपाटाची आपली किल्लीही तिच्यापुढे ठेवली.

"चुकलं माझं, पोरी. यंदा पहिली टिकली तू लावायचीस."

"लावीन," रोहिणी म्हणाली. "पण संध्याकाळी पुसणार."