गुलाबी तपेलं

"समर्थ, झाकण आडवं धर! नाकाला लागतंय माझ्या!"

"मग नाक आत घे की!"

तळेगावची इरावती सुट्टीत वडिवळ्याला मावशीकडे आली होती ती मजा करायला. आणि आता बैलगाडीच्या चाकाएवढं झाकण मांडीवर घेऊन पवनानगरला निघाली होती! जीप शेजारच्या समर्थच्या बाबांची, बाजीरावकाकांची. माणसं-सामान वाहायचा घरचाच धंदा, त्यामुळे तिकीट नाही. फक्त गप्प बसायची अट होती, ती केव्हाच मोडली होती.

वडिवळ्याच्या महिला मंडळाची मोठी भांडी गावात कुणाच्याही लग्नाला मिळत. भांड्यांच्या खोलीची किल्ली रंजनामावशीच्या कमरेला असे. पण मागच्या लग्नानंतर भाताचं तपेलं गायब झालं. मावशीला कुणी तोंडावर बोललं नाही, पण कुजबुज कानावर यायची ती आलीच. आज संध्याकाळच्या बैठकीत ती किल्ली परत देणार होती. काल जेवताना ती ताटातला भात नुसता चिवडत बसली, ते इरावतीला बघवलं नव्हतं.

आणि आज सकाळी समर्थने फोनवर पवनानगरच्या एका कॅम्पची जाहिरात दाखवली. फाटकाशी गुलाबी रंगवलेलं भांडं, त्यात झेंडू.

"काठाचा पोचा बघ! आपलंच हाय!"

तिथे पोचल्यावर कॅम्पचे मालक श्रीपतीभाऊ मात्र हसले. "पोचा काय, कुठल्याबी भांड्याला पडतो. माझ्याच सामानात आलंय ते. मी काय चोर वाटलो व्हय गं?"

"नाही हो भाऊ! फक्त झाकण लावून बघू?"

झेंडूची कुंडी बाहेर काढून त्यांनी झाकण ठेवलं. ते डुगडुगलं. समर्थचं तोंड एवढंसं झालं.

पण इरावतीला मावशीने सांगितलेलं आठवलं! तपेलं पडून काठ वाकला, तेव्हा वाफ जाऊ नये म्हणून मावशीने झाकण वर ठेवून दोन्ही एकत्रच ठोकली होती. म्हणजे झाकण एकाच बाजूने बसणार! तिने ते हळूहळू फिरवलं. आणखी थोडं...

खट्ट!

"आयला!" भाऊ डोकं खाजवायला लागले. "पण लग्नाला दिलेल्या माझ्या खुर्च्यांबरोबर हे आणून टाकलं ते बाजीरावनंच की!"

सगळे वळले. बाजीरावकाका जीपच्या टायरकडे फार निरखून बघत होते.

"लग्नाचं सामान... एकाच खेपेत... घाईत राहिलं न्हाई ध्यानात..."

"बाबा! आन् गावभर तपेलं हुडकत तुमीच फिरताय!"

संध्याकाळी मावशीने किल्ली सतरंजीवर ठेवली, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि गुलाबी तपेलं थेट बैठकीत आलं! काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

मंडळाच्या राजेश्वरीबाईंनी किल्ली उचलली आणि स्वतःच्या हाताने मावशीच्या कमरेला खोचली. "पुन्यांदा काढलीस तर बघ! आन् पोरांनो, आमी मोठ्या नुसत्या कुजबुजत बसलो, तुमी झाकण घेऊन निघालात. शाब्बास रं!"

मावशी तपेल्याजवळ बसली. पोच्यावरून हात फिरवत राहिली. मग नाक ओढून म्हणाली, "ह्यो गुलाबी रंग कोण घासणार?"

सगळ्यांनी बाजीरावकाकांकडे पाहिलं.

त्या दिवशी मावशीने भात दोनदा वाढून घेतला.